सोजरअक्काच्या पाच साड्या

आमच्या शेजारच्या सोजरअक्काच्या घरी गेलात, तर दारातल्या पायपुसण्यावर एकदम पाय देऊ नका. आधी त्याची ओळख करून घ्यावी लागते.

"थांब जरा," अक्का म्हणते. "ही माझी साखरपुड्याची. आधी साडी होती, मग घरात नेसायची झाली, मग परकर झाला, मग पडदा, मग वाकळंचं अस्तर. आता हितं येऊन पडलीय. पुस पाय, पन दमानं."

आमच्या जावयांनी तर पहिल्या खेपेला त्या पायपुसण्याला नमस्कार केला आणि चपला हातात घेऊन बाजूनं आत गेले.

अक्का आमच्या सोनपेठात अंगणवाडीत बाई होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. पाठचा एक भाऊ, माधव, पोखर्णीला कापसाची शेती करतो. माहेर म्हणून काय ते तेवढंच. घरात एक लोखंडी कपाट, त्यात पाच साड्या, तेव्हा पाचही सुती, हातमागाच्या. सहावी आली तर पाचातली एक जाणार. "एक आली, एक गेली" हा तिचा कायदा. सुरुवातीला मला वाटायचं, बाई चिक्कू आहे. पण चिक्कू बाई चहात एवढी साखर घालत नाही. आणि साडी घेते तेव्हा विणणाऱ्याची मजुरी निघावी म्हणून घासाघीससुद्धा करत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तिचं म्हणणं एवढंच, की कापड झिजून मरावं, आपल्या कंटाळ्यानं मरू नये.

तिच्याबरोबर दुकानात जायचं म्हणजे मला घाम फुटतो. एकदा परभणीला दुकानदारानं चकचकीत साड्यांचा ढीग टाकला.

"कशाची हो ही?"

"सिंथेटिक हाय, मावशी. लय चालतीय."

"म्हंजी पेट्रोलचीच की. घरी गॅसपुढं उभं ऱ्हायचंय मला." मग शेजारच्या अनोळखी बाईकडं वळून, "बघा बाई, आपल्या रानात कापूस, अन् आपल्या अंगावर पेट्रोल." ती बाई उचललेली साडी खाली ठेवून निघून गेली. आता त्या गल्लीत आम्हाला कुणी "या मावशी" म्हणत नाही.

आता आहेराचं सांगते, कारण खरं रामायण तिथं आहे. आपल्याकडं आहेराची साडी कुणी नेसत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. ती पेटीत जाते, पुढच्या लग्नात निघते, दुसऱ्या पेटीत जाते. तालुका फिरून कधी कधी आपलीच साडी आपल्याला परत मिळते, आणि आपणही चेहऱ्यावर काही दाखवत नाही. अक्काला हे खपत नाही. "जे नेसनार न्हाई, ते घेनार न्हाई," म्हणून ती आहेर तिथल्या तिथं परत करते. परक्यांत हे खपून गेलं. पण थोरल्या भाच्याच्या लग्नात तिनं माधवनं दिलेली साडी भर मांडवात परत केली, आणि माधवनं बोलणं टाकलं.

भावाची साडी परत करणं म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको.

मग भाचीचं लग्न निघालं. माधवचा फोन आला, तो मी शेजारीच बसून ऐकला. "अक्का, आत्याचा आहेर घ्यायचा असंल तर ये. चार लोकांत माझा हात मागं फिरवायचा असंल, तर येऊ नको."

अक्कानं फोन मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "कमळे, नेम मोडावा का माहेर मोडावं?"

मी म्हणाले, "घे अन् ठिव की पेटीत. कोन बघायलंय?"

"मी बघायलेय की."

लग्नाला आम्ही दोघी एसटीनं गेलो. अक्कानं पाचातली सर्वांत चांगली, रफू नसलेली एकमेव हिरवी साडी नेसली होती. आहेराचं काय करायचं ते अजून तिचं तिलाच ठरलं नसावं.

अक्षता पडल्या, आहेर सुरू झाले. माईकवरून पुकारा झाला, "नवरीच्या आत्या, सोजरबाई." भावकीतल्या बाया पुढं सरकल्या. गेल्या खेपेचा तमाशा कुणी विसरलं नव्हतं. माधवनं पिशवी पुढं केली आणि तोंड दुसरीकडं वळवलं.

अक्कानं पिशवी घेतली. कपाळाला लावली. आणि मला म्हणाली, "चल गं आत."

खोलीचं दार लावून तिनं घडी मोडली. राणी रंगाची, झगझगीत, सिंथेटिक. घडीवर काठाची जर काळी पडलेली, पदराला कुंकवाचे दोन डाग, एक जुना, एक त्याहून जुना. किती मांडव फिरून आली होती कोण जाणे. अक्कानं डागांवरून बोट फिरवलं. हिरवी सोडली आणि ती राणी साडी नेसली, हिरव्या झंपरावर.

बाहेर आलो तर आधी बाया हसल्या. मग एकेक करत गप्प झाल्या. नेसलेला आहेर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. मीही नव्हता पाहिला.

माधव जवळ आला. त्याची नजर त्या काळ्या जरीवर गेली आणि त्याचं तोंडच उतरलं.

"अक्का, तू घेनारच न्हाईस म्हनून... पेटीतली हाताला लागली ती दिली म्या."

"चांगली लागली की."

"काढ ती. उद्या परभनीहून सुताची आनतो."

"एक आली, एक गेली. आता जागा न्हाई." तिनं हिरवीची घडी भावजयीच्या हातावर ठेवली. "ही तुला. नेस बरं का. पेटीत घालू नको."

भावजयीनं ती साडी छातीशी धरली आणि डोळ्याला पदर लावला.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "अक्का, अन् तुझं ते पेट्रोल?"

"ती करताना व्हायचं ते पाप होऊन गेलंय, कमळे. आता वापरली न्हाई तर दुप्पट व्हईल."

हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही, कुणाच्या कीर्तनात ऐकलं नाही. माझी दोन कपाटं भरलेली आहेत, आणि त्यांच्यापुढं उभी राहिले की हल्ली मला जरा लहान झाल्यासारखं होतं.

माधव आता महिन्या-दोन महिन्यांनी येतो. येतो म्हणून फोन आला की अक्का आपली सुती साडी बदलते आणि ती राणी रंगाची नेसून बसते. गेल्या मे महिन्यात आला तेव्हा मी तिथंच होते. दुपारची वेळ, लाइट गेलेली, पत्रे तापलेले. माधव टॉवेलनं वारा घेत म्हणाला, "अक्का, सोड की आता ती साडी. उकडत असंल."

"न्हाई रे," अक्का म्हणाली. "उलट गार लागतीय."

आणि चहा टाकायला ती आत वळली, तेव्हा तिची पाठ भिजून साडी अंगाला चिकटली होती. ते माधवनं पाहिलं, मी पाहिलं. तो उठला आणि टॉवेल घेऊन गॅसपाशी तिला वारा घालत उभा राहिला.