लेट

रविवारी दुपारी हंबीररावांनी माजघराचं दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, तेव्हा त्यांची बहीण चंद्राबाई यांनी कपाळाला हात लावला. दार उतरलं की शेळी आत येते आणि आत आली की पिठाच्या डब्यात तोंड घालते, हे त्या भावाला वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. हंबीररावांनी दार दोन पिंपांवर आडवं टाकलं, मधोमध जाळी म्हणून जुन्या धोतराची पट्टी ताणून बांधली आणि मुलीला हाक मारली. पलटणीतून हवालदार म्हणून सुटताना माण तालुक्यात दहिवडीजवळच्या त्या कोरड्या गावात त्यांनी दोनच गोष्टी आणल्या होत्या, टेबल टेनिस आणि थोडं इंग्रजी. दोन्हींचा गावाला उपयोग नव्हता.

अंजना सांगलीत हळदीच्या एका पेढीवर टायपिस्ट होती आणि सुट्टीला घरी आली होती.

"आज कलकत्त्यात जगाची फायनल हाय," हंबीरराव म्हणाले. "आन् आपली हितं."

"जिंकल त्याला काय देत्यात?" ओट्यावरून कोंडीबानं विचारलं. कोंडीबा त्यांच्याच पलटणीतला आणि या खेळाचा गावातला एकुलता एक प्रेक्षक.

"सोन्याचं पदक. दुसऱ्याला चांदीचं. आन् सेमीफायनलला हरल्याल्या दोघांनाबी कांस्य. तिसऱ्या नंबरापायी त्यांची पुन्हा झुंज लावत न्हाईत. लय शाना खेळ हाय."

"कांस्य म्हंजी?"

"कासं रं."

"आमच्या काशाच्या वाटीवानी?" शेळीला बाहेर ओढता ओढता चंद्राबाई म्हणाल्या. "मग हरल्यालंच बरं. तळपायाला तूप चोळाय तरी हुईल."

डाव वीस-वीस झाला. हंबीररावांची सर्व्हिस धोतराला घासून पलीकडे टपकन पडली. अंजनाची बॅट नुसतीच हवेत फिरली.

"पॉइंट झाला की गड्या," कोंडीबा म्हणाला.

"लेट," हंबीरराव म्हणाले. "जाळीला लागला. लेट म्हंजी पुन्हा."

"लेट मला हुईल, आबा. गाडी चुकल."

"तर मग आणखी एक डाव न्हाई?"

हे ते दर वेळी विचारत आणि दर वेळी ती पिशवी उचले. "उद्या तुमी सांगलीला येताय न्हवं? खऱ्या टेबलावर खेळू." स्टँडजवळच्या व्यायाम मंडळाचं टेबल तिनं महिनाभर खटपट करून एका दिवसापुरतं मिळवलं होतं. पलटण सोडल्यापासून आबांनी खरं टेबल पाहिलं नव्हतं.

"वीस-वीस. ध्यानात ठेव," दार पुन्हा लावता लावता ते म्हणाले.

सोमवारी सकाळी पेढीवरचे मुनीम नाथाजी फोन ठेवून तिच्याकडे आले. "दहिवडीवरनं फोन होता. खरखर लय. कोन कोंडीबा. म्हनला, हवालदार हंबीरराव लेट."

"आबा आणि लेट?"

"मी इचारलं, किती लेट? तर म्हनला, आता किती म्हनून सांगू. आन् फोन ठिवला."

एस.टी.चं काय सांगणार, असं मनाशी म्हणून अंजना अर्ध्या दिवसाची रजा टाकून मंडळाच्या हॉलवर गेली. तिथं वेगळंच दृश्य होतं. सगळ्या टेबलावर पापड पसरलेले होते.

"उडदाचं पापड सावलीतच वाळवावं लागतंय, बाई," राखणदार बिराप्पा म्हणाला. "टेबल तरी रोज कोन खेळतंय?"

दोघांनी मिळून पापड उचलले. ती स्टँडवर गेली. दहिवडीची गाडी आली, आबा आले नाहीत. ती परतली, तोवर बिराप्पानं पापड पुन्हा घातले होते. पुढच्या गाडीच्या आधी पापड परत उचलले, गाडी रिकामी गेल्यावर परत घातले. पापडांचे तुकडे पडू लागले.

"तुमचं आबा येनार हाईत का माज्या पापडांचा भुगा हुनार हाय?"

"सांगितलं ना, लेट आहेत."

स्टँडवरचा कंट्रोलर शिकलेला होता. तिनं विचारल्यावर त्यानं गाडीचा फलक पाहिला.

"कुणाला घ्यायचंय?"

"वडील. ते लेट आहेत."

कंट्रोलरनं टोपी काढली. "अरेरे. कधी?"

"सकाळपासून."

त्यानं स्वतःची खुर्ची तिला दिली आणि पाणी मागवलं. एस.टी.त अजून माणुसकी आहे, असं अंजनाला वाटलं.

ऊन कलल्यावर ती हॉलवर आली. बिराप्पा शेवटचे पापड घालत होता. मागोमाग दारात कोंडीबा उभा राहिला. एकटाच.

"काका, आबा मागं राहिले व्हय?"

"आगं, हितं काय करतीस तू? सारा गाव खोळंबलाय तुज्यासाठी. पेढीवर गेलो तर त्यांनी हितं धाडलं. फोन केला हुता की सकाळी."

"मीच खोळंबलेय. तुमी लेट म्हणून निरोप दिला."

"मग दुसरं काय देऊ?" कोंडीबानं डोक्याचं मुंडासं काढून हातात धरलं. "पलटणीच्या पाटीवर गेल्याल्यांच्या नावाम्होरं लेटच लिवत्यात. हंबीर गेला, आसं म्हनाय तोंड उघडलं, तर मराठीत फुटंना. म्हनून इंग्रजीत सांगितलं."

हातातली पापडांची चळत घेऊन बिराप्पा तसाच उभा राहिला.

"राती बातम्या ऐकल्या आमी," कोंडीबा सांगत राहिला. "गड्यांचं सोनं हंगेरीला. बायांचं उत्तर कोरियाला. मी म्हनलं, अंजीला सांगाय पायजे. तर म्हनला, उद्या मीच सांगतो टेबलावर. झोपला, ते सकाळी उठलाच न्हाई. चल बाळ, जीप उभी हाय."

अंजना हलली नाही. टेबलाचा अलीकडचा अर्धा भाग मोकळा होता. तिनं पिशवीतून बॅट आणि चेंडू काढला आणि सर्व्हिस केली. चेंडू जाळीला घासला, पलीकडे पडला, दोन पापड मोडून खाली घरंगळला. पलीकडे कोणी नव्हतं.

"वीस-वीस," ती म्हणाली. "लेट."

कोंडीबानं वाकून चेंडू उचलला.

"आबा," अंजना मोठ्यानं म्हणाली, "आणखी एक डाव खेळू."