विमलबेनची भाजी

नवागामच्या आमच्या गल्लीत मी पाच किलोचा दुधी पाहिला आहे, चार किलोचं कारलं पाहिलं आहे आणि एकदा तर सात किलोचं वांगं पाहिलं आहे. थापा मारते असं वाटेल, पण हा सगळा माल विमलबेननी माझ्यादेखत काट्यावर तोललेला आहे. त्यातलं ते वांगं पुढे माझ्याच वर्गात बसून सातचा पाढा चुकत असे.

विमलबेन म्हणजे आमच्या भागातल्या आरोग्य केंद्राच्या नर्सबाई. मूळच्या अमळनेरकडच्या. पण सुरतेत बाईमाणसाच्या नावाला ‘बेन’ चिकटलं की ते रेशनकार्डावरसुद्धा निघत नाही, म्हणून खानदेशी बायांतही त्या विमलबेनच. पन्नाशीच्या, अंगानं भरलेल्या, आवाज यंत्रमागाच्या खटखटीवर मात करणारा. मी तिथल्या मराठी शाळेत मास्तरीण, आणि आमच्या दोघींच्या खोल्यांत एकच भिंत. त्या भिंतीपलीकडे विमलबेन एकट्याच राहत. मागेपुढे कुणी नाही, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो, कारण त्यांनी कधी सांगितलं नाही आणि त्यांना विचारायची आमची छाती नव्हती.

भाजीची भानगड अशी. विमलबेनना तान्ह्या मुलांची वजनं घ्यावी लागत. आणि आमच्या गल्लीतल्या बाया काही केल्या मूल तोलू देत नसत. तोललेलं लेकरू वाढत नाही, दृष्ट लागते, काटा त्याची वाढ खातो, असं प्रत्येकीच्या सासूनं सांगितलेलं. विमलबेननी पहिले काही महिने समजावून पाहिलं, मग चिडून पाहिलं. मग एके दिवशी त्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, काटा एका दाराच्या चौकटीला अडकवला, त्याला झोळी बांधली आणि ओरडल्या, “चला, भाजी तोलायची आहे! कुणाकडे काय आहे?”

बाया आधी बघतच राहिल्या. मग एकीनं आपला काळासावळा मुलगा पुढं केला. विमलबेन म्हणाल्या, “शी! वांगं आणलंस होय? कीड तर नाही ना लागलेली?” आणि वांगं झोळीत गेलं. भाजीला कशाची आली दृष्ट! त्या दिवसापासून गल्लीतल्या पोरांची नावं घरात काहीही असोत, काट्यावर ती दुधी, भोपळा, कारलं आणि गवार. “गवार अजून वाळकीच आहे, डाळीचं पाणी घाल तिला,” असं विमलबेन बोलल्या की गवारीची आई मान डोलवायची. गल्लीत नवीन राहायला आलेले एक गृहस्थ हे ऐकून पिशवी घेऊन बाहेर आले आणि दुधीचा भाव विचारू लागले. विमलबेननी झोळीतला दुधी त्यांना दाखवला. “विकत नाही द्यायचा. रात्री रडतो, तुमच्यानं निभायचं नाही.”

दुसरी तऱ्हा त्यांच्या बोलण्याची. केंद्रात दिवसभर गुजराती, दवाखान्याच्या रांगेत हिंदी, गल्लीत अहिराणी आणि माझ्याशी आपलं पुस्तकी मराठी, अशा चार भाषा त्या एका पिशवीत घेऊन हिंडत, आणि हात घातला की जी लागेल ती बाहेर येई. बुलढाण्याकडची एक बाई नव्यानं राहायला आली होती. तिच्या मांडीवरचं मूल मलूल दिसलं म्हणून विमलबेननी घाईत विचारलं, “याला झाडा होतात का?” गुजरातीत झाडा म्हणजे जुलाब. ती बिचारी इकडेतिकडे बघून म्हणाली, “कायची झाडं वं माय, अठी तं तुळसही नाही!” विमलबेन बरं म्हणून पुढच्या दारी गेल्या आणि तिथं पोचल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. तशाच उलट्या पावली धावत आल्या.

तेव्हापासून त्यांनी सभ्य शब्दच टाकून दिले. सगळ्या भाषांत त्या एकच रोखठोक प्रश्न विचारू लागल्या, तोही रस्त्याच्या या टोकावरून त्या टोकाला. एकदा शाळेची प्रार्थना चालू असताना फाटकातून त्यांचा आवाज आला, “मास्तरीण, तुझ्या वर्गातली ती मंगल आज कितीदा हागली, विचार जरा!” प्रार्थना तिथंच संपली. मी आठवडाभर हेडमास्तरांच्या समोर गेले नाही.

“लाजून कुणी बरं झालंय का?” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. ते त्या कुठल्याही तक्रारीवर देत, अगदी दूधवाल्यानं दुधात पाणी घातलं तरी.

प्लेगच्या साथीच्या वर्षानंतर सुरतेतले मोठे रस्ते झाडून लख्ख व्हायला लागले होते. आमच्या गल्लीपर्यंत झाडू मात्र अजून पोचायचा होता. एका उन्हाळ्यात नळाच्या पाण्याला वास यायला लागला आणि घरोघरी पोटं बिघडली. विमलबेन दारोदार पाण्यात टाकायच्या गोळ्या वाटत आणि भांडत हिंडत होत्या. त्यातच त्यांना कळलं की गल्लीच्या टोकाच्या सुनंदाची मुलगी सकाळपासून डोळे उघडत नाही.

सुनंदा पारोळ्याकडची. नवरा लूमच्या खात्यावर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, बारा तासांच्या पाळीला, घरात ही, दहा महिन्यांची पोर आणि गावाहून आलेली सासू. सासूनं पोरीचं दूध तोडलं होतं, पाणीही तोडलं होतं. पोट वाहतं आहे, त्यात आणखी वरून कशाला ओतायचं, असा तिचा हिशेब. दवाखान्याचं तर नावच काढू देईना. थोरली नात अशीच दवाखान्यात नेली होती, ती परत आली नव्हती.

शाळेला सुट्टी होती म्हणून विमलबेननी मला सोबत ओढलं. दारात पोचल्यावर त्यांनी पोरीकडे एकदाच पाहिलं. टाळू खोल गेलेली, ओठ सुकलेले, रडताना डोळ्यांत पाणी नाही. मला वाटलं, आता ही बाई गल्ली डोक्यावर घेणार. पण त्या माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, “कोपऱ्यावर रिक्षा उभी करून ठेव. पोर गिळायची थांबली तर मी कुणाच्या बापाचं ऐकायची नाही.” मी रिक्षा थांबवून परत आले, तर विमलबेन उंबऱ्यावर फतकल मारून बसल्या होत्या आणि पदरानं वारा घेत होत्या.

“पानी दे वं माय,” त्या सासूला म्हणाल्या. “उन्हानं जीव चालना मन्हा.”

दारात आलेल्या माणसानं पाणी मागितलं तर खानदेशातली कुठलीही बाई नाही म्हणत नाही. सासूनं तांब्या दिला. विमलबेननी वास घेतला. हे नको, चहासाठी उकळलेलं असेल तर ते दे म्हणाल्या. मग चिमूटभर मीठ मागितलं, मग साखर मागितली, मग चमचा. ऊन लागल्यावर आपण असंच पितो म्हणाल्या. सगळं नीट ढवळलं, चमचा भरून तोंडाशी नेला आणि थबकल्या. पोरीचे डोळे किलकिले झाले होते.

“पोर देखी राह्यनी,” विमलबेन म्हणाल्या. “तिन्या देखत मी एकलीच कशी पिऊ? मन्हं पोट दुखी.”

लेकराच्या देखत काही खाल्लं-प्यालं तर आधी थेंबभर त्याच्या ओठाला लावायचं, नाहीतर त्याची नजर घासाला लागते. सासू हेच मानून म्हातारी झालेली. ती पटकन म्हणाली, “मंग लाव ना तिना व्होटले जराखं!”

विमलबेननी पोर मांडीवर घेतली. एक चमचा तिला, एक स्वतःला. थोडं थांबून पुन्हा एक चमचा तिला, एक स्वतःला. पोरीनं एकदा सगळं ओकून टाकलं. विमलबेननी तोंड पुसलं, जरा वेळ जाऊ दिला आणि पुन्हा चमचा भरला. तांब्या संपला तेव्हा सासूनं स्वतःच स्टोव्ह पेटवला आणि दुसरं पाणी उकळायला ठेवलं. तिला हा कावा कळला नव्हता, असं मला मुळीच वाटत नाही. पण तिलाही हीच एक नात उरली होती.

ऊन कलायला लागलं. रिक्षावाला दोनदा येऊन दारातून डोकावून गेला आणि तिसऱ्यांदा तिथंच बसला. इकडे विमलबेनची वेगळीच पंचाईत झाली. इतकं पाणी प्यायल्यावर दुसरं काय होणार! गल्लीचा संडास लांब, आणि मांडीवर पोर. “माझ्याकडे द्या ना जरा,” मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. पाय आवळून, दात खाऊन त्या बसून राहिल्या. चेहरा असा झाला होता की एरवी मी पोट धरून हसले असते.

“मी केव्हापासून रोखून बसलेय,” त्या पुटपुटल्या, “आणि ही पाहा, हिला येत नाही. एकदा मुतली की जिंकलो आपण, मास्तरीण.”

मग एकाएकी त्यांनी खाली पाहिलं. चमचा हवेतच राहिला. कडक खळ घातलेल्या त्यांच्या पांढऱ्या साडीवर मांडीपाशी, पोरीच्या खालून, ओल पसरत चालली होती. पोर रडायला लागली, आणि या वेळी तिच्या डोळ्यांतून खरं पाणी आलं. सासू हसत हसत रडली. सुनंदानं पोरीला उचलून छातीशी लावलं आणि कुणी तिला अडवलं नाही. रिक्षा फुकट जायला नको म्हणून विमलबेननी त्या तिघींना तिच्यातच बसवून केंद्रात डॉक्टरांकडे पाठवलं. आता सासूही निमूट गेली.

मी घरून माझी एक कोरडी साडी आणली. विमलबेन संडासाला जाऊन येऊन आपल्या दारातल्या पायरीवर बसल्या होत्या, त्याच साडीत.

“बदला ना,” मी म्हटलं.

“राहू दे.”

“अहो, अंग चिकचिक करत असेल.”

त्या माझ्याकडे न बघता बोलू लागल्या. “मन्हा पोऱ्या गया ना, तवय मी नर्स नव्हती. पानी देऊ नको म्हणाले, नाही दिलं. असाच मांडीवर होता. आता करेल, मग करेल, म्हणून सारखी मांडी चाचपत होते मी. कोरडीच. सकाळपर्यंत कोरडीच.”

त्यांच्याविषयी आम्ही जे धरून चाललो होतो ते सगळं खोटं होतं, एवढंच मनात येत राहिलं आणि फार वाईट वाटलं. साडी बाजूला ठेवून मी त्यांच्याजवळ पायरीवर बसले. त्यांनी माझा हात धरला आणि आपल्या मांडीवर टेकवला.

“आजून वली शे,” त्या म्हणाल्या. “देख.”