सावली झाली की बोलवा

राजारामपुरीतून कागलला जाणाऱ्या एस.टी.त दत्तूतात्या रोज सकाळी एक कॅन मांडीवर घेऊन बसायचे. कॅनमध्ये दूध असेल असं कुणालाही वाटावं. असायचं ते आमच्या गल्लीतल्या चार घरांचं तांदूळ धुतलेलं पाणी. कंडक्टर विचारायचा, "तात्या, ह्याचं हाफ काढू काय?" तात्या म्हणायचे, "काढ की. पर त्याला खिडकीकडची जागा पायजे."

तात्या आमचे शेजारी, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. बहुतेक सगळी नोकरी राजस्थानच्या वाळवंटात गेलेली. तिथं बराकीमागं त्यांनी म्हणे हात धुतलेल्या पाण्यावर दोडके पिकवले होते. नव्वदच्या सुमारास परत आले आणि कागलच्या पुढं दीड एकर मुरमाड माळ घेऊन बसले. चांगली काळी जमीन मिळत होती. ती बघून म्हणाले, "हितं काय बी येतंय. मग माझं काय काम?"

सुशीलाकाकींनी त्याच दिवशी नवऱ्याला बजावलं, "वीस वर्सं तुमी वाळवंटात आन मी हितं. आता मला उनात बसवू नगा. सावली झाली की बोलवा." आणि त्या खरंच माळावर फिरकल्या नाहीत.

तात्या पेटले. ऊस लावणार नाही, बोअर मारणार नाही; झाडंच लावणार आणि कॅनमधल्या त्या पाण्यावर जगवणार. उताराला आडवे चर खणले, पावसाचं पाणी त्यात अडून मुरावं म्हणून. मला म्हणायचे, "पाणी म्हंजी पावणं, मास्तर. दारावरनं पळत चाललंय, त्याला बसवा की. च्या घेतल्याबिगर सोडताय काय कुणाला?" आजूबाजूचे शेतकरी ऊस तुटला की मागं राहिलेला वाळका पाला, पाचट, पेटवायचे. तात्या त्यांच्या हातातली काडेपेटी काढून घ्यायचे आणि पाचटाचे भारे डोक्यावरून आणून रोपांच्या बुडाशी पसरायचे. सगळा माळ हसायचा. मीही हसायचो.

एकदा मदत म्हणून मी एका कडुलिंबाच्या रोपाभोवतीचा तो केर गोळा करून बांधावर टाकला. तात्या आले, बघत राहिले. "मास्तर, भर उनात उघडं केलंसा की ओ त्याला." काडी न् काडी मला परत पसरायला लावली.

पहिल्या दोन उन्हाळ्यांत निम्म्याच्या वर रोपं गेली. मी सांत्वनाला गेलो, तर तात्या त्याच खड्ड्यांत नवी लावत होते. "वाळवंट हारलं माझ्याफुडं. ह्यो मुरूम कोण लागून गेलाय?"

सात वर्षांनी, एका एप्रिलमध्ये, ते इस्त्रीचा सदरा घालून आमच्या दारात आले. "उद्या हिला माळावर न्यायचीया. बारा वाजता. तुमीबी चला."

मी म्हटलं, "एवढ्या उन्हात? सकाळी जाऊ या, सावली लांब असते."

"सकाळची सावली कुणाचीबी लांब पडती," तात्या म्हणाले. "बाराची दावतो."

दुसऱ्या दिवशी बाराला माळावर पोचलो. मी उघडा केलेला तोच कडुलिंब होता. बुडाशी जेमतेम घोंगड्याएवढी सावली. तात्यांनी पाचटावर घोंगडं अंथरलं, काकींपुढं हात जोडले आणि म्हणाले, "बसा की, पावणं."

काकींनी मान वर करून झाड पाहिलं आणि बसल्या. तात्या बाजूला उन्हात उभेच. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली भीती होती. सात वर्षं मी ह्या माणसाला हसत होतो.

"तुमी बसा," काकी म्हणाल्या.

"मला सवं हाय की उनाची."

"ठावं हाय. बसा."

काकी सरकल्या. निम्म्या उन्हात गेल्या, पण जागा झाली.