दीड किलो वजा

"डॉक्टरीणबाई, दुसरं मूल झाल्यावर पहिल्याचं काय करायचं असतं?"

हा प्रश्न मी शाळेच्या सभागृहात (म्हणजे सातवी अ आणि सातवी ब यांच्यामधला लाकडी पडदा काढल्यावर जे उरतं त्यात) उभं राहून, माईकची गरज पडणार नाही अशा आवाजात विचारला. प्रश्न माझा नव्हता. तो वच्छला आणि मागच्या बाकाने मधल्या सुट्टीत तयार केला होता आणि "कलाची हिंमत नाही" असं जाहीर केलं होतं. वक्तृत्वात तालुक्यात पहिली आल्यापासून, माझ्यात हिंमत नाही असं कोणी म्हटलं की मला उभंच राहावं लागतं. हा आजार आहे, हे मला मान्य आहे.

डॉक्टरीणबाई किशोरवयीन मुलींच्या आरोग्यावर बोलायला आल्या होत्या आणि पाऊण तासात नखांपर्यंत पोचल्या होत्या. त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पहिल्याने दुसऱ्याला सांभाळायचं. बस खाली." सगळ्या मुली हसल्या. मी मात्र ते शासकीय धोरण समजून वहीत लिहून घेतलं.

कुटुंबसंस्था हा समाजाचा पाया आहे, आणि तो पाया साधारणपणे घरातल्या थोरल्या मुलीच्या डाव्या कमरेवर टेकलेला असतो. मी स्वतः केलेल्या पाहणीनुसार आमच्या नववी ब मधल्या एकोणचाळीस मुलींपैकी सव्वीस जणींच्या कडेवर शाळा सुटल्यावर कोणी ना कोणी असतं. पैकी एकवीस जणी डावीकडे घेतात, कारण उजव्या हाताने गृहपाठ करता येतो. उरलेल्या पाच उजवीकडे घेतात. (त्या डावखुऱ्या आहेत. मी खात्री करून घेतली.)

माझ्या कमरेवर पंडित असतो. पंडित माझा भाऊ, वय चौदा महिने. त्याची शब्दसंपत्ती दोन शब्दांची आहे, त्यातला एक "नको". आई बालवाडीची बाई आहे. ती लोकांची अठ्ठावीस मुलं सांभाळते, त्यामुळे स्वतःचं एक सांभाळायला तिला वेळ होत नाही. वडील, म्हणजे आबा, केळीच्या वखारीत मापाडी आहेत. सावद्याच्या आसपासच्या गावांतली केळी ट्रकात चढण्याआधी त्यांच्या काट्यावर चढते. त्यांनी हाळी देऊन सांगितलेलं वजन बावीस वर्षांत कोणी फिरवून विचारलेलं नाही. आमच्या घरात अभिमान बाळगावा अशा दोनच गोष्टी आहेत, आबांचा शब्द आणि माझं अक्षर. (माझं अक्षर टपोरं आणि वळणदार आहे. हे मी सांगत नाही, तीन शिक्षक सांगतात.)

आता मूळ मुद्दा. वक्तृत्वाची पुढची फेरी येत्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी धुळ्याला होती. शनिवारी दुपारच्या एसटीने आमच्या बाईंबरोबर जायचं, मुक्काम करायचा, रविवारी बोलून परत यायचं. विषय होता "बालक : राष्ट्राची अनमोल संपत्ती". या विषयाची तयारी मी रोज संध्याकाळी ओट्यावर उभी राहून करत असे. राष्ट्राची संपत्ती त्या वेळी खाटेच्या पायाला आईच्या जुन्या साडीने बांधलेली असे.

आबा म्हणाले, "तू धुळ्याले गेली तं दोन दिवस याले कोन पाहीन?"

आई म्हणाली, मला एक रविवार मिळतो, त्यात घर आवरू का याच्या मागे पळू. मी दोन्ही बाजू समजून घेतल्या. वक्त्याने घ्याव्यात. आणि मग मला एक कल्पना सुचली. डॉक्टरीणबाईंनी जाताना एक पत्रक वाटलं होतं : आमच्या गावात महिला मंडळातर्फे त्याच महिन्याच्या पहिल्या रविवारी सुदृढ बालक स्पर्धा, वयोगट एक ते दोन वर्षे. मी आबांना म्हटलं, पंडितला मी स्पर्धेत पहिला आणून दाखवते. तो पहिला आला म्हणजे मी किती जबाबदार आहे ते सिद्ध होईल, आणि इतक्या जबाबदार मुलीला धुळ्याला पाठवायला तुमची हरकत राहणार नाही.

आबांनी विचार करून मान हलवली. "पह्यला आला तं जाय."

या तर्कात चूक काय होती, हे मला पुढे तीन आठवडे कळलं नाही. पोर सांभाळण्यातून सुटका व्हावी म्हणून मी पोर उत्तम सांभाळून दाखवायला निघाले होते. तालुक्यात पहिली आलेली मुलगीच इतका मोठा मूर्खपणा इतक्या मुद्देसूदपणे करू शकते.

मी पंडितसाठी नियमावली केली आणि कणगीवर चिकटवली. सकाळी तेल, मग ऊन, मग दुधात कुस्करलेलं केळं. दुपारी मुगाची खिचडी, तूप वितळलेलं. घास हा घासच समजावा. काऊचा, चिऊचा असे पोटविभाग करू नयेत, वेळ जातो. नियम सातवा असा होता की पंडितने नियमावली फाडू नये. तो त्याने पहिल्याच दिवशी खाल्ला. आठ दिवसांनी मी त्याला किराणा दुकानात गुळाच्या ढेपेशेजारी तोलून आणलं. पावणेअकरा किलो. आठवड्यात त्याचं वजन दोनशे ग्रॅम वाढलं होतं आणि माझं नऊशे ग्रॅम घटलं होतं. हे गणित बरोबर आहे, कारण तो खायला नको म्हणाला की ते मी खात असे आणि नंतर त्याच्यामागे गल्लीभर पळत असे.

स्पर्धेच्या दिवशी एकतीस बालकं आली. पत्रकातला "सुदृढ" हा रकाना साडेनऊ किलोपासून सुरू होत होता, त्याखालचं बालक "अशक्त". मंडळाने मागवलेलं वजनयंत्र आधी एका बालकाला चार किलो म्हणालं, मग त्याच्या आईलाही चार किलो म्हणालं. आईला आनंद झाला, पण डॉक्टरीणबाईंनी यंत्र बाजूला ठेवलं आणि आबांना बोलावणं धाडलं.

आबा काटा घेऊन आले. तीन बांबूंची घोडी उभी केली, त्यावर काटा टांगला, आकड्याला साडीची झोळी बांधली. लेखनिक म्हणून, अक्षरामुळे, माझी नेमणूक झाली. पहिल्या बालकाला आबांनी मापाड्यांच्या रिवाजाप्रमाणे "एक" न म्हणता "लाभ" म्हटलं, तेव्हा त्याच्या आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग आबांची हाळी सुरू झाली. "आठ अन् पाव! सात अन् साडे! आठ अन् पाऊण!" मी लिहीत होते. एकेक आकडा असा काढत होते की छापायला द्यावा. आपलं अक्षर बघण्यात मी इतकी गुंग होते की आपण काय लिहितोय हे बघायचं राहून गेलं.

शेजारच्या भिकूबाईंच्या नातीला उचलायला दोन बायका लागल्या. "नऊ किलो चारशे!" मी लिहिलं. नऊमधली गाठ फार सुंदर आली होती.

घरचं पोर म्हणून पंडितला शेवटी ठेवलं होतं. तो झोळीत बसला, काटा हलला, आबांनी हाळी दिली, "नऊ अन् पाव!"

माझी लेखणी थांबली. मी म्हटलं, "आबा, काल दुकानात हा पावणेअकरा भरला होता."

"भरला असीन," आबा शांतपणे म्हणाले. "दीड किलो दांड्याचा गेला."

आवारातल्या सगळ्या बायकांनी, पोरात दांडा शोधावा तसं, आपापल्या पोराकडे पाहिलं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी : आमच्याकडे केळीचा घड तोलतात तेव्हा घडाच्या मधला जाड दांडा कोणी खात नाही म्हणून त्याचं वजन आधीच कापून हाळी देतात. घडामागे दीड किलो. आबांनी बावीस वर्षांत लाखभर घड तोलले असतील. काट्याला काहीही टांगलं की त्यांच्या तोंडून दीड किलो कमीच बाहेर पडतं. एकतीस बालकांचा दांडा त्यांनी कोणताही भेदभाव न करता कापला होता. स्वतःच्या मुलाचासुद्धा.

भिकूबाई नातीला कडेवर घेऊन आबांपुढे आल्या. "काय रे देवचंद, माह्या नातीचं काय फेकशीन आन् काय इकशीन?"

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तोलायला सांगितलं. पण तोवर निम्मी बालकं झोपली होती आणि उरलेल्यांनी झोळी ओली केली होती. शिवाय आबा हात जोडून म्हणाले, "बाई, माह्या तोंडून निघालेलं वजन मी आजपावतो मागं घेतलं नाही." मग मीच दीड किलो मिळवून आकडे सुधारते म्हटलं, तर पत्रकाच्या तळाशी छापलेलं होतं : खाडाखोड केल्यास पत्रक रद्द समजावे. दुसरं पत्रक नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सही केली, आणि आमच्या गावातली एकूण एक बालकं, ज्यांना उचलून त्यांच्या आयांचे खांदे गेले होते, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी कागदोपत्री अशक्त झाली.

सुदृढ बालकच नसल्यामुळे बक्षिसाचा स्टीलचा डबा उरला. तो उत्तम हस्ताक्षराबद्दल मला देण्यात आला.

"पह्यला नाही आला," आबा घरी येताना म्हणाले. "धुळं राह्यलं."

गोष्ट इथे संपली असती. पण पत्रक वर गेलं, आणि वर गेलेला कागद रिकाम्या हाताने परत येत नाही. दहा दिवसांनी जीप आली. जीपमध्ये तोताराम साहेब नावाचे अधिकारी आणि सुकडीची (म्हणजे अशक्त बालकांच्या पौष्टिक खाऊची) अकरा पोती होती. त्यांनी बालवाडीसमोर सगळ्यांना गोळा करून भाषण केलं. म्हणाले, इतर गावं आकडे फुगवून पाठवतात, इतकी प्रामाणिक आकडेवारी मी नोकरीत पहिल्यांदा बघतो आहे. आबांनी नम्रपणे खाली पाहिलं. कोणीतरी खरं सांगेल असं मला वाटलं. भिकूबाई उठल्यासुद्धा. पण सुकडी गोड होती. भिकूबाई म्हणाल्या, "साहेब, माही नात तं लईच अशक्त आहे," आणि नात दोन्ही मुठी भरून अशक्तपणा दाखवत होती.

मग प्रत्येक अशक्त बालकाचं एक कार्ड करायचं ठरलं. कार्डाच्या तळाशी पत्रकावरचीच ओळ होती, खाडाखोड केल्यास रद्द, आणि वर रकाना होता : घरातील जबाबदार व्यक्ती. या व्यक्तीने वर्षभर दर रविवारी सकाळी दहाला बालक घेऊन वजनाला यायचं. कार्डं कोणी लिहायची हे सांगायला नको.

एकतीस कार्डांवर मी सुंदर अक्षरात नावं लिहिली. आईचं नाव तीन कार्डांवर, आजीचं दोन. बापाचं एकाही नाही. (एक बाप स्वतः हजर होता, त्याला विचारलं तर त्याने मागे वळून पाहिलं.) उरलेल्या सव्वीस कार्डांवर नऊ ते सोळा वयाच्या मुली. वच्छलाचं नाव दोन कार्डांवर आहे, कारण तिच्याकडे जुळे आहेत. नाव लिहिताना मी तिच्याकडे पाहिलं. ती एकाचं नाक पुसत होती आणि दुसऱ्याला "थांब रे" म्हणत होती. ती म्हणाली, "तुह्या प्रश्नाचं उत्तर लिहू राह्यली का?"

शेवटचं कार्ड पंडितचं. मी विचारलं, कोणाचं नाव लिहू? आबा पोती मोजत होते. त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही.

"तुहंच लिही. आनखी कोन्हाचं?"

मी लिहिलं. त्या कार्डावरचा "क" माझ्या आयुष्यातला सगळ्यात वळणदार "क" आहे.

घरी आल्यावर मी आबांना विचारलं, दांडा का मोजत नाहीत? आबांना धंद्यातलं विचारलेलं आवडतं. ते समजावून सांगू लागले, "दांडा तं लागतोच. त्याच्याबिगर येवढा घड झाडाले राहीन कसा? सारं वझं त्याच्यावरच असतं. पन तोलताना तो मोजत नाही."

आई डाळ निवडत होती. तिचा हात थांबला. तिने आबांकडे पाहिलं, मग माझ्या कमरेवरच्या पंडितकडे, मग पुन्हा डाळीत खडे शोधू लागली. नंतर बराच वेळ तिला एकही खडा सापडला नाही.

धुळ्याचं भाषण मी बदललेलं नाही. विषय तोच आहे, बालक अजूनही अनमोलच आहे. फक्त ते अनमोल बालक कोणाच्या कमरेवर ठेवलंय, असा एक प्रश्न सुरुवातीला घातला आहे. नंतर नऊ दिवस मी एक छोटं वाक्यही पाठ केलं. ते धुळ्यासाठी नव्हतं.

तुम्ही हे इथपर्यंत सलग, मध्ये न उठता वाचलंत, त्याबद्दल आभार. पण याचा अर्थ एवढाच की तुमच्या घरचं पोर आत्ता दुसऱ्या कोणाच्या तरी कडेवर आहे. एकदा हळूच डोकावून पाहा. बहुधा तिच्या मोकळ्या हातात भूमितीचं पुस्तक असेल आणि ओठ हलत असतील. ती प्रमेय पाठ करतेय असं समजू नका. ती तुमच्यासाठीच वाक्य तयार करते आहे.

माझं शुक्रवारी तयार झालं. आबा नुकतेच वखारीतून आले होते, आई चुलीपुढे होती. मी पंडितला घेऊन दारात उभी राहिले आणि शाळेतल्या मराठीत बोलले. (घरात मी असं बोलले की आई माझ्या कपाळाला हात लावून बघते. या वेळी तिने नुसता तवा उतरवला.)

"आबा, आई, पंडितच्या कार्डावरचं माझं नाव मी खोडलं आहे. तिथे तुमची दोघांची नावं लिहिली आहेत, चांगल्या अक्षरात. खाडाखोडीमुळे कार्ड रद्द होतं, म्हणजे पंडित आजपासून सुदृढ आहे. उद्या दुपारच्या गाडीने मी धुळ्याला चालले. आबा, हा धरा. पावणेअकरा किलो आहे. यातलं काही वजा होत नाही."