खुर्ची राखायला बायको

नगराध्यक्ष हर्मोजेनेस सलग तीनदा निवडून आले होते आणि कायद्याने चौथ्यांदा उभं राहायला बंदी होती. तीन वर्षं घरी बसलं की पुन्हा मुभा. तेवढ्यापुरती खुर्ची राखायला त्यांनी, आमच्या बेटावरच्या रिवाजाप्रमाणे, बायकोला उभं केलं. समोर औषधवाला एलेउतेरियो. तीनदा पडलेला, चौथ्यांदा पडायला तयार.

एका सकाळी भात आणि सुकी मासळी खाता खाता त्यांनी सहज विचारलं,

"पुरिंग, तीन वर्षांनी खुर्ची परत देशील ना?"

"बघू," ती म्हणाली आणि उरलेली मासळी परतायला गेली.

झालं! हर्मोजेनेसांचं अन्न गोड लागेना. गावात कुणी वारलं की शवपेटीपाशी जाऊन यायचं, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. ते स्वतः पाच मिनिटांत सटकत. ही मात्र शवपेटीपाशी रात्र जागवायला बसलेल्यांबरोबर तासन् तास पत्ते कुटायची. लोक तिला आत्तापासूनच 'मेयर' म्हणायला लागले आणि ही खुशाल ओ द्यायला लागली.

त्यांनी ड्रायव्हरला गाठलं.

"डामियान, बाईसाहेब गाडीत काय बोलतात रे?"

"काही नाही, मेयर. हसतात."

"एकट्याच?"

"एकट्याच."

ते बोटांवर वर्षं मोजू लागले. तिलाही तीनदा निवडून येता येतं, म्हणजे झाली नऊ वर्षं. तोवर आपण त्र्याहत्तरचे! मतपत्रिका हातात आली तेव्हा त्यांचा हिशोब पक्का झाला होता. औषधवाल्याला तीन वर्षांत पाडता येईल. बायकोला कोण पाडणार? आणि एका मताने असं काय होतंय? त्यांनी एलेउतेरियोच्या नावापुढचा गोल रंगवला.

एलेउतेरियो दोन मतांनी निवडून आला.

"फक्त दोन!" हर्मोजेनेस जेवणाच्या टेबलावर कडाडले. "घरातलेच फितूर आहेत! डामियान असणार, नाहीतर ती स्वयंपाकीण!"

"उगाच गरिबांवर आळ घेऊ नका," पुरिंग म्हणाली. "एक मी."

"तू? स्वतःच्याच विरोधात?"

"मग काय करू? तीन वर्षं तुम्ही मागे उभे राहून 'इथे सही कर, तिथे सही कर' करणार. कुणाला हवीय तसली खुर्ची! दुसरा कोण, ते मात्र तुम्हीच शोधा."

हर्मोजेनेसांनी शाई लागलेलं बोट हळूच टेबलाखाली नेलं.