निकमबाईंची तिसरी ब

निकमबाईंच्या वर्गात पाढ्यांचा तक्ता भिंतीकडे तोंड करून टांगलेला असायचा. शिक्षा झालेल्या पोरासारखा. कोणी विचारलं की त्या म्हणायच्या, "नुसती बडबड करतो तो. आधी पोरांना समजू दे, मग वळवू."

नव्वद-पंच्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. पंचवटीतल्या आमच्या प्राथमिक शाळेत मी तिसरी अ ला शिकवायचे, त्या ब ला. मधे एक पातळ भिंत. माझी पोरं 'बे एके बे' इतकं खच्चून ओरडायची की कौलं हलावीत. पलीकडे नुसती चिंचोक्यांची खुळखुळ. दहा काड्यांची जुडी बांधा, सोडा, परत बांधा. स्वतः जुडी बांधल्याशिवाय 'हातचा' हा शब्द काढायचा नाही! दिवाळी आली तरी ब चा पाढा तीनच्या पुढे सरकलेला नसे.

"बाई, वार्षिक परीक्षेला चिंचोके पोत्यात भरून नेणार का?" मी एकदा चिडून विचारलं.

"तोंडाने नको, हाताने सांगा," हे त्यांचं ठरलेलं पालुपद. मी कोपरापासून हात जोडले.

एका पालकाने फुशारकी मारली, की आमची पिंकी तीसपर्यंत पाढे म्हणते. बाईंनी विचारलं, "सतरा चोक?" पिंकी फाडकन म्हणाली, "अडुसष्ट!" बाईंनी तिच्यापुढे अडुसष्ट चिंचोके ओतले. "आता हे चौघींत सारखे वाट." पिंकी बापाकडे बघायला लागली. बाप म्हणाला, "अहो, उलटा पाढा नाही शिकवलेला अजून!"

हेडमास्तर मात्र टेकीला आले होते. त्यांनी बजावलं, "तपासणीला पाढे खणखणीत झाले नाहीत, तर तिसरी काढून घेईन. बसा मग ऑफिसात दाखले लिहीत." बाई सरळ वर्गात निघून गेल्या. तक्ता काही वळला नाही.

तपासणीला साहेब आले. मी शेजारच्या दारातून बघत होते. त्यांनी मखमलाबादकडच्या मंगलला उभं केलं. घरचा मेथीचा मळा. "एक शेकडा जुड्या दहा टोपल्यांत सारख्या भरल्या, तर एका टोपलीत किती?"

"दहा," मंगल म्हणाली. "अन् चार उरत्यात."

"उरतात? चूक! बस खाली."

"थांबा साहेब," बाई पुढे झाल्या. "मंगल, शेकडा म्हणजे किती?"

"एकशेचार. चार वरच्या द्याव्याच लागत्यात. नायतर गिऱ्हाईक पुढच्या टायमाला येत नाय."

पोरं हसली. साहेबांनी वहीत काहीतरी खरडलं. हेडमास्तर कुजबुजले, "बाई, चूक झाली म्हणा आणि विषय संपवा."

"का म्हणू? तिचं उत्तर बरोबर आहे. शंभर म्हणायचं होतं तर शंभर म्हणायचं. हवं तर साहेबांनी एकदा मळ्यावर जाऊन मोजून यावं."

 खरं सांगते, मला आतून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पुढच्या सोमवारपासून निकमबाई ऑफिसात, आणि दोन्ही तुकड्या एकत्र करून माझ्या गळ्यात! तक्ता शिपायाने सरळ केला.

त्याच्या आदल्या रविवारी बाई माझ्या घरी आल्या होत्या. कधी कोणाकडे न जाणारी बाई! चहाला नको म्हणाल्या आणि एक जाड वही पुढे केली. प्रत्येक पोराला एक पान. 'सुनील सात उलटा काढतो, ओरडू नका, तो डावखुरा आहे.' 'रेश्मा बोटं लपवून मोजते, तिला मोजू द्या.' 'मंगल दुपारनंतर घाईने चुकते. घरी धाकटी एकटी असते, जीव तिकडे असतो.' कोण कुठे चुकतं, का चुकतं, सगळं लिहिलेलं. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांची मला धड नावंही येत नव्हती. लाज वाटली मला.

"चुकलेलं तेवढं मी लिहून ठेवते," त्या म्हणाल्या. "बरोबर येणाऱ्याला आपली काय गरज?"

दारात चपला घालताना त्या घुटमळल्या.

"एखादं पोर अगदीच अडलं, तर संध्याकाळी माझ्याकडे पाठवाल? घरी कोणीच नसतं हो. शाळा सुटली की कोणाशी बोलायचं, हाच प्रश्न पडतो."

साहेबांपुढे न वाकलेली ही बाई माझ्या उंबऱ्यावर मान खाली घालून उभी होती. मला रडूच फुटलं.

"एखादं कशाला?" मी म्हटलं. "उद्यापासून सगळा वर्ग पाठवते. काय करायचं ते करू देत हेडमास्तरांना!"