रिकामी दिसली तर न्यावी

लेकीचे दिवस भरत आले होते आणि सेक्रेटरींना वेळ नव्हता.

"अहो, तिने दोघांना बोलावलंय," चहाचा कप पुढे सरकवत बायको म्हणाली. "मी एकटी गेले तर दार उघडून ती माझ्या मागेच बघत राहील."

"आज वसाहतीचा मेळावा. पुढच्या आठवड्यात डोळे तपासणी. ती संपली की नोकरी शोधणाऱ्यांची मुलाखतीची तयारी. मी तिकडे जाऊन बसलो तर इथे कोण बघणार?"

"बघतील की लोक."

"लोक?" सेक्रेटरींनी चष्म्यावरून पाहिलं. "अगं, माझ्याशिवाय इथे पान हलत नाही."

लेकीची जुनी तक्रार बायकोला पाठ होती. बाबा माझ्या शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाला यायचे, ती म्हणायची, पण खुर्च्या मांडायला. मी स्टेजवर काय केलं ते विचारलं तर म्हणायचे, माइक बरा लागला होता ना?

खोटं कशाला बोला, माणूस कामाचा होता. आज जे वसाहतीचं सभागृह आहे ते पूर्वी मोडक्या खाटा आणि रंगाचे रिकामे डबे टाकायचं गोदाम होतं. सेक्रेटरींनी लोकांच्या मागे लागून, अर्ज करून, प्रसंगी स्वतः झाडू हातात घेऊन ते माणसांत आणलं. आता तिथे रविवारी नर्सबाई रक्तदाब बघते, प्लंबर गळके नळ दुरुस्त करायला शिकवतो, शिलाईवाली ताई शिवणाचा वर्ग घेते, आणि एका कोपऱ्यात वर्तमानपत्रांवर इतकी शांतता असते की पान उलटल्याचं ऐकू यावं. आजूबाजूच्या वसाहतींतले लोक हे सगळं बघायला येतात आणि जाताना थोडे जळतात.

या सगळ्यात सेक्रेटरींना खरा अभिमान होता तो शिडीचा. वसाहतीत शिडी एकच, ॲल्युमिनियमची, हलकी आणि उंच. पूर्वी ती ज्याच्या घरी जाई त्याच्याकडेच मुक्काम ठोकायची. एका घरी तर तिच्यावर चादरी वाळत घातलेल्या सापडल्या. तेव्हा सेक्रेटरींनी भर सभेत टेबलावर हात आपटून नियम केला. शिडीवर माणूस नसेल तर ती रिकामी समजावी, आणि ज्याला हवी त्याने न विचारता न्यावी. नियम लोकांच्या इतका अंगवळणी पडला की शिडी एका जागी टिकेनाशी झाली. बल्ब बदलले गेले, टाक्या धुतल्या गेल्या, माळे आवरले गेले. एवढ्या एका नियमाने वसाहत उजळली, असं सेक्रेटरी पाहुण्यांना आवर्जून सांगत.

त्या सकाळीही सगळ्यांच्या आधी सभागृहापाशी कोण आलं असेल तर सेक्रेटरी. फलक छताच्या कठड्याला बांधायचा होता, आणि ते काम दुसऱ्या कोणाला दिलं की तो तिरका लागतो असा त्यांचा अनुभव होता. सभागृह एकमजली, वर जायला जिना नाही. त्यांनी मागच्या भिंतीला शिडी लावली, पायथ्याशी चपला काढल्या, चपलांवर मोबाइल ठेवला, आणि दोरीचं भेंडोळं खांद्यावर टाकून ते वर गेले. पुढच्या कठड्याला फलक बांधला. दोनदा सोडून पुन्हा बांधला. चार पावलं मागे सरून मान वाकडी करून बघितलं, समाधान झालं, आणि खाली उतरायला मागच्या बाजूला गेले तर शिडी नव्हती.

चपला होत्या. मोबाइल होता. शिडी तेवढी नव्हती.

शिडीवर माणूस नव्हता हे खरंच होतं. तो छतावर होता.

"अरे वा," सेक्रेटरी स्वतःशीच म्हणाले. त्यांच्या आवाजात राग होता, पण लोक नियम पाळतात याचं किंचित कौतुकही होतं.

हाक मारावी असं त्यांच्या मनात आलं. पण हाक मारली की लोक जमणार, लोक जमले की हसणार, आणि हसले की हा किस्सा वसाहतीत पुढची कित्येक वर्षं पुरणार. त्यापेक्षा कोणीतरी समंजस माणूस एकटा येईल तेव्हा हळूच सांगावं असं त्यांनी ठरवलं. पहिला आला पेपरवाला.

"ओ," सेक्रेटरी कठड्यावरून वाकून दबक्या आवाजात म्हणाले. "जरा इकडे या."

पेपरवाल्याने वर पाहिलं. फलक पाहिला. "मस्त लागलाय काका. एकदम सरळ," असं म्हणून त्याने हात हलवला आणि सायकल पुढे काढली.

तेवढ्यात त्यांना शिडी दिसली. त्यांच्या घराच्या गल्लीतून वायरमन ती खांद्यावर घेऊन निघाला होता. तो कोपऱ्यावरच्या दिव्यापाशी थांबला, वर चढला, दिवा लावून उतरला. त्याचे पाय जमिनीला टेकायचा अवकाश, बेकरीवाल्याने शिडी उचलली आणि दुकानाच्या पाटीवरची जळमटं काढायला नेली. तिथून ती एका तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात गडप झाली. सेक्रेटरी छतावरून बघत राहिले. कोणी भांडलं नाही, कोणी वेळ दवडला नाही. इतकी सुरेख फिरणारी शिडी त्यांनी आजवर पाहिलीच नव्हती, कारण एरवी ते खाली असत.

माणसं जमायला लागली. आता मात्र लोकांना आपल्याला शोधावंच लागेल, याची सेक्रेटरींना खात्री होती. सभागृहाची किल्ली त्यांच्याच खिशात होती. त्यांनी खिशावर हात ठेवला आणि कठड्याआड खाली बसले. शोधताना सापडलेलं बरं, स्वतः ओरडून सापडण्यापेक्षा.

"कुलूप आहे," खालून शिलाईवाली ताई म्हणाली.

"काका कुठायत?" प्लंबरने विचारलं.

"असतील इथेच कुठेतरी. चपला आहेत ना. त्यांच्याशिवाय कसा सुरू होईल मेळावा?"

सेक्रेटरींना बरं वाटलं. पण लगेच खालून किल्ल्यांचा आवाज आला. एक नव्हे, तीन. प्लंबरकडे एक होती, नर्सबाईकडे एक होती आणि बेकरीवाल्याकडे एक.

"तुमच्याकडे पण?" नर्सबाई म्हणाली.

"मागच्या पावसात काकांना ताप होता ना, तेव्हा करून घेतली," बेकरीवाला म्हणाला. "म्हटलं, आजारी माणसाला कशाला उठवायचं."

सभागृह उघडलं. छताच्या मधोमध उजेडासाठी एक काचेची खिडकी होती, तीही सेक्रेटरींनीच भांडून बसवून घेतलेली. इस्त्रीच्या शर्टासकट ते तिच्यापाशी पालथे पडले आणि आत बघू लागले. एक झडप उघडी होती, त्यामुळे शब्द न् शब्द वर येत होता. खुर्च्या कशा मांडायच्या हे यांना कळायचं नाही, असं त्यांना वाटत होतं. पण खुर्च्या मांडल्या गेल्या, आणि त्यांच्या सरळ रांगांऐवजी अर्धगोल झाल्या, त्यामुळे माणसं एकमेकांची तोंडं बघत बोलायला लागली. हे आपल्याला कधी सुचलं नाही, हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं.

उद्घाटनाचं भाषण त्यांच्या खिशात होतं. ते लांबलचक होतं. शिलाईवाली ताई उभी राहिली आणि म्हणाली, "सगळे आलेत. ज्याला जे हवंय त्या टेबलापाशी जा." बस्स, उद्घाटन झालं.

तिच्या हातात सेक्रेटरींचा मोबाइल होता. पायथ्याशी वाजताना ऐकून तिने तो आत आणला होता, आणि आता तो दर थोड्या वेळाने वाजत होता.

"हॅलो. हो, काकांचाच फोन. बोला ना," ताई म्हणायची. "डोळे तपासणी? पुढच्या रविवारी. आजींना जिना जमत नसेल तर आम्ही खुर्चीतून आणू." फोन ठेवते न ठेवते तोच पुढचा. "शिवणाचा वर्ग? या ना. मशीन नसलं तरी चालतं, इथे आहे."

सेक्रेटरी अशा प्रत्येक फोनला किमान तीन वाक्यं समितीबद्दल बोलत. ताई बोलली नाही, आणि फोन करणाऱ्यांचं काही अडलेलं दिसलं नाही.

मग दारातून तळमजल्यावरची शिक्षिका आत आली. नवरा गेल्यापासून ती घराबाहेर पडत नव्हती. सेक्रेटरी दर महिन्याला तिच्या दाराशी जाऊन, वाचनकोपऱ्यासाठी माणूस हवाय, तुम्ही याच, असं बजावून येत, आणि ती दर महिन्याला मान हलवून दार लावून घेई. आज तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती आली, वर्तमानपत्रं नीट लावली, आणि अक्षर लागत नाही म्हणून अडलेल्या एका म्हाताऱ्याशेजारी बसून त्याला बातमी वाचून दाखवायला लागली. म्हाताऱ्याने तिला मध्येच थांबवून हवामानाचं पान मागितलं. ती हसली.

सेक्रेटरींचे डोळे भरून आले. पालथ्या माणसाला डोळे पुसणं अवघड जातं. त्यांना अभिमान वाटत होता आणि वाईटही वाटत होतं, आणि कुठलं किती ते त्यांना सांगता आलं नसतं. एवढं सगळं आपण उभं केलं, आणि ते आता आपलं बोट सोडून चालतंय.

फोन पुन्हा वाजला.

"हॅलो? अगं तू होय," ताईचा आवाज एकदम मऊ झाला. "कशी आहेस? जड वाटतंय का?"

सेक्रेटरींनी कान झडपेला लावला. लेकीचा फोन होता.

"बाबा ना, असतील इथेच. कामात? नाही गं, आज त्यांना काहीच काम नाहीये." ताई थोडं थांबली, पलीकडचं ऐकलं. "कोण म्हणालं येणार नाहीत म्हणून? येतायत. आईबरोबरच येतायत. मी सांगते ना. अगं वेडे, रडतेस काय?"

ताई फोन घेऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पुढचं ऐकू आलं नाही. सेक्रेटरी उठून बसले आणि बराच वेळ हातातल्या दोरीला गाठी मारत राहिले. आपण येणार म्हणून आपली लेक रडते, हे त्यांना एका छताच्या भोकातून कळलं होतं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

मागच्या भिंतीला काहीतरी खडखडलं. त्यांनी वाकून पाहिलं. शिडी लागली होती, आणि तिचा एक पाय धरून त्यांची बायको उभी होती.

"उतरा," ती म्हणाली. "मी धरलीय."

ते उतरले, चपला घातल्या, शर्टावरची धूळ झटकली आणि आत गेले. "काका आले," कोणीतरी म्हणालं आणि त्यांच्यासाठी खुर्ची सरकवली. कुठे होतात, असं कोणी विचारलं नाही. सेक्रेटरींनी माइक हातात घेतला. खिशातलं भाषण काढलं नाही.

"मी तीन महिने मुलीकडे चाललोय," ते म्हणाले. "तुमची गैरसोय होईल, पण..."

पुढचं टाळ्यांत बुडालं. टाळ्या मनापासून होत्या, उत्साही होत्या आणि सेक्रेटरींच्या मते जरा जास्तच लांबल्या. बेकरीवाला उभा राहून टाळ्या वाजवत होता. शिलाईवाली ताई डोळे पुसत होती. सेक्रेटरींनी हात वर करून त्या थांबवायचा प्रयत्न केला, तर त्या आणखी वाढल्या.

घरी जाताना गल्लीत बायको त्यांच्या बरोबरीने चालत होती.

"शिडी कोणी नेली होती पहिल्यांदा?" सेक्रेटरींनी विचारलं.

"मी. माळ्यावरची मोठी बॅग काढायची होती. रिकामी दिसली, नेली."

"मी वर होतो."

"माहीत होतं."

"मग लगेच परत का नाही आणलीस?"

"आणणार होते. तेवढ्यात वायरमन घेऊन गेला," बायको म्हणाली. दाराचं कुलूप उघडताना तिने पुढचं वाक्य अगदी सहज टाकलं. "त्याच्या मागे जाऊन मागून घेता आली असती. पण म्हटलं, बसू देत थोडा वेळ. वरून तुम्हाला कधी नव्हे ते नीट दिसेल."

सेक्रेटरी उंबऱ्यातच थांबले. बोलायला त्यांच्याकडे बरंच होतं. समिती होती, शिस्त होती, आणि उन्हात छतावर सोडून दिलेला नवरा तर होताच. आत पलंगावर बॅग उघडी पडली होती. अर्ध्या भागात बायकोच्या साड्या घड्या घालून ठेवलेल्या होत्या, आणि उरलेला अर्धा भाग मोकळा होता.

"तिकडे थंडी असते म्हणे," ते म्हणाले. "माझे लोकरीचे मोजे कुठे ठेवलेस?"